धुराची कुळकथा

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. गेल्या पौषात तेथे मामांच्या शेतावर हुरड्याला बसलो होतो. आगटीत गोवऱ्यांचा निखारा झाला होता, ज्वारीची कोवळी कणसे त्यात खुपसली जात होती, आणि मामांचा ग्लासगोला शिकणारा नातू पिशवीतून हिरव्या काचेची एक बाटली काढून सर्वांना दाखवीत होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या एका बेटावरची ती सिंगल माल्ट व्हिस्की, नाव लॅफ्रॉइग. बेटाच्या नावाचा उच्चार 'आयला' असा होतो हे कळल्यावर जो हशा पिकायचा तो पिकला.

मामा पिणाऱ्यांतले नाहीत. नातवाने फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी पेला नाकाजवळ नेला आणि लगेच हातभर लांब धरला.

"याला तं दवाखान्याचा वास यायलाय."

"आबा, त्याचेच तर पैसे मोजलेत," नातू म्हणाला.

हा लेख त्या दोन वाक्यांमधल्या अंतराविषयी आहे. एकाच वासाला एका माणसाने दवाखाना म्हणावे आणि दुसऱ्याने त्यासाठी महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम मोजावी, याचा उलगडा जिभेच्या शरीरशास्त्रात फारसा होत नाही. तो कायद्याच्या, इंधनाच्या आणि साहित्याच्या इतिहासात शोधावा लागतो. त्या इतिहासाची एक फांदी, अनपेक्षितपणे, पुण्यापर्यंत येऊन पोचलेली आहे.

प्रथम मामांच्या नाकाची बाजू. त्यांचे निदान रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होते. पीटच्या धुरात फेनॉल, क्रेसॉल आणि ग्वायकॉल ही द्रव्ये असतात. यांतले फेनॉल म्हणजेच जुने कार्बोलिक ॲसिड. जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने ऑगस्ट १८६५ मध्ये एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर ते वापरले आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला. ते रुग्णालय ग्लासगोचेच. पुढे कार्बोलिकचा वास आणि दवाखाना यांची जगभर गाठ पडली, ती परभणी जिल्ह्यापर्यंत आली. म्हणजे मामा स्कॉटलंडचा एक वास दुसऱ्या स्कॉटिश वासावरून ओळखत होते, इतकेच.

आता पीट. दलदलीच्या जमिनीत शेवाळ आणि झुडपे पुरती न कुजता हजारो वर्षे एकावर एक दबत जातात; वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने थर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे. तो थर लांब फाळाच्या कुदळीने विटांसारखा कापायचा, उन्हावाऱ्यात वाळवायचा आणि जाळायचा. आयलासारख्या वाऱ्याने झोडपलेल्या बेटांवर झाडे फार थोडी. जळणाला लाकूड मिळणे कठीण, आणि दगडी कोळसा बाहेरून आणायचा तर परवडत नसे. घराघरातली चूल पीटवर, आणि सातूला मोड आणल्यावर ते मोड थांबवण्यासाठी धान्य वाळवायचे तेही पीटवरच. धान्य ओले असताना धूर त्याच्या टरफलाला चिकटतो, तो पुढे आंबवण्यात आणि गाळण्यात टिकून राहतो आणि अखेर पेल्यात येतो. कोणाही कारागिराने धुराची चव हवी म्हणून पीट निवडले नाही. दुसरे काही जाळायला नव्हते.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला आपल्या अंगणाची आठवण झाली नाही तरच नवल. आपल्याकडेही जंगल विरळ, आणि म्हणून शेणाच्या गोवऱ्या. हुरडा गोवऱ्यांवर भाजायचा तो काही रसिकतेने ठरलेला संकेत नव्हे. रानात तेच इंधन हाताशी असते. कोवळे, ओलसर धान्य, त्यावर मंद निखाऱ्याचा धूर, आणि मग हातावर चोळून निघालेले दाणे. आयलाच्या भट्टीत सातूचे जे होते तेच आगटीत ज्वारीचे होते. जनावराच्या पोटातून न पचता बाहेर आलेले गवताचे तंतू जळताना ग्वायकॉलच्या कुळातलीच द्रव्ये देतात. दोन्हीकडे चव जन्मली ती इंधनाच्या टंचाईतून. येथवर दोन्ही कथा समांतर चालतात. नंतर त्यांतली एक बाटलीत गेली, एक आगटीतच राहिली.

फाटा कुठे फुटला हे पाहण्यासाठी स्कॉटलंडच्या अबकारीचा इतिहास थोडा तपशिलात पाहायला हवा.

१७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या. त्यानंतर माल्टवरचा कर आला. १७२५ मध्ये त्यावरून ग्लासगोत दंगल उसळली. १७८१ मध्ये घरगुती वापरासाठी गाळणेही बेकायदा ठरले. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याला उरलेल्या सातूची दारू गाळून खंड भरण्याची सवय होती. तो रातोरात गुन्हेगार झाला. १८१४ च्या कायद्याने तर हायलँड्समध्ये पाचशे गॅलनांहून लहान भांड्यावर बंदी घातली. एवढे मोठे भांडे कोण्या शेतकऱ्याच्या दारात असणार? परिणाम व्हायचा तोच झाला: डोंगरातल्या घळीघळींत चोरट्या भट्ट्या, रात्रीच्या वाटांनी जाणारी तट्टे, आणि मागावर असलेले अबकारीचे शिपाई. शहरातली परवानाधारक दारू घाईने, करातून वाट काढण्यासाठी भराभर गाळलेली असे. चोरट्या भट्टीवाल्याला घाई नव्हती, लहान भांडे होते आणि पीट होते. त्यामुळे जी चांगली ती बेकायदा, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली.

ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. या भेटीचा सूत्रधार कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट होता. इंग्लंडच्या राजाला डोंगराळ टोळ्यांचा पोशाख चढवून स्कॉटने एक राष्ट्रीय नाट्यच उभे केले. आणि राजाने प्यायला काय मागावे? ग्लेनलिव्हेटची व्हिस्की, म्हणजे त्याच्याच कायद्याने निषिद्ध असलेली. एलिझाबेथ ग्रँट या रॉथिमर्कस येथील जमीनदाराच्या मुलीने आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे. 'मेमॉयर्स ऑफ अ हायलँड लेडी' या नावाने त्या १८९८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, छापल्या गेल्या. राजासाठी तशी व्हिस्की मिळेना, तेव्हा घरच्या तळघराची व्यवस्था पाहणाऱ्या एलिझाबेथला तिच्या वडिलांनी आपला राखीव साठा रिकामा करायला सांगितले. त्या मालाचे गुण सांगताना ती लाकडात मुरण्याचा आणि सौम्यपणाचा उल्लेख करते, आणि त्याच यादीत चोरट्या मालाचा अस्सल स्वाद हाही एक गुण म्हणून मोजते.

मला हा उल्लेख फार महत्त्वाचा वाटतो. बेकायदेशीरपणाला चव असते, आणि ती चव प्रतिष्ठित घरातली तरुण मुलगी कौतुकाने सांगू शकते. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, नवा अबकारी कायदा आला. परवान्याचे शुल्क दहा पौंड, भांड्याची किमान मर्यादा चाळीस गॅलन आणि करात मोठी कपात. लहान भट्टीवाल्याला कायद्याच्या आत येण्याएवढे दार उघडले. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, तेव्हा शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके संतापले की त्याला कमरेला पिस्तुले लावून फिरावे लागले. आयलावर लॅफ्रॉइग, लगाव्हुलिन, आर्डबेग ही नावे याच काळाच्या आगेमागे स्थिरावली. धूर तसाच राहिला. फक्त तो आता कर भरत होता.

पण एलिझाबेथची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तिचे वडील सर जॉन पीटर ग्रँट कर्जात बुडालेले होते. राजवाड्यावर पोचलेल्या त्या व्हिस्कीची योग्य वेळी आठवण करून दिली गेली, आणि त्यामुळेच वडिलांना हिंदुस्थानातले न्यायाधीशपद मिळाले, असे ती मोकळेपणाने लिहिते. ते पद मुंबईच्या सुप्रीम कोर्टातले होते. नेमणूक १८२७ ची. ग्रँट कुटुंब मुंबईस आले आणि लवकरच मराठी मुलखाच्या इतिहासात एक प्रकरण घडले. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याच्या चुलत आजोबांनी, पांडुरंग रामचंद्रांनी, डांबून ठेवल्याची तक्रार होऊन कोर्टाने त्याला हजर करण्याचा हुकूम काढला. मुंबई बेटापलीकडच्या रयतेवर कोर्टाचा अधिकार चालतो की नाही, यावरून गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि कोर्ट यांच्यात उघड झगडा जुंपला. १८२८ मध्ये उरलेले दोन्ही न्यायाधीश काही आठवड्यांच्या अंतराने वारले आणि ग्रँट एकटाच उरला. सरकार कोर्टाचा हुकूम बजावू देत नाही म्हणून एप्रिल १८२९ मध्ये त्याने कोर्टच बंद केले. शेवटी प्रिव्ही कौन्सिलने सरकारचा पक्ष उचलून धरला आणि ग्रँट पुढे कलकत्त्यास गेला. माल्कम आणि ग्रँट हे दोघेही स्कॉटिश. पुण्याच्या एका सरदार घराण्यातल्या तंट्यात ब्रिटिश न्यायसत्तेची सीमा आखली गेली, आणि त्या आखणीतला एक पक्षकार चोरट्या ग्लेनलिव्हेटच्या जोरावर खुर्चीत बसलेला होता. आपल्या कायद्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत मोरो रघुनाथ भेटतो. ग्लेनलिव्हेट भेटत नाही.

स्कॉटलंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. तेथे दारूची भाषा घडवणारे दोन लेखक अबकारी खात्यातले नोकर होते. रॉबर्ट बर्न्सने व्हिस्कीवर कविता लिहिली आणि १७८९ पासून तो अबकारीचा अधिकारी होता. विसाव्या शतकात नील गन या कादंबरीकाराने १९३५ मध्ये 'व्हिस्की अँड स्कॉटलंड' हे पुस्तक लिहिले तेव्हा तोही त्याच खात्यात होता. दिवसा भांडी मोजायची, पिंपांना मोहोर लावायची आणि रात्री त्याच द्रव्याविषयी लिहायचे! कर वसूल करणारा आणि चवीचे वर्णन करणारा एकच माणूस असला की राज्यसंस्थेची मोजमापाची सवय आणि कवीचे नाक एकत्र येतात. आज बाटलीवरच्या वर्णनांत डांबर, राख, समुद्री शेवाळ असे जे शब्द दिसतात, त्यांच्यामागे एवढी वंशावळ आहे.

आपल्याकडे काय झाले?

सामग्री नव्हती असे म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार दिले आहेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची, पिठाची आणि मधाची किंवा टीकाकारांच्या मते मोहाच्या फुलांची. या वर्गीकरणात आयलाची व्हिस्की पैष्टीत बसेल. अर्थात मनूने हे वर्गीकरण केले ते निषेधासाठी. पण निषेधालाही वस्तू नीट ओळखावी लागते. गोदाकाठच्या प्रतिष्ठानशी ज्या ग्रंथाची परंपरा जोडली जाते त्या गाथासप्तशतीत मोहाची झाडे आणि फुले पुन्हा पुन्हा येतात. गावाबाहेरची मोहाची राई हे तेथे प्रेमिकांचे संकेतस्थळ आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवरचे. या ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये मदिरापानक्रीडेचा स्वतंत्र समावेश आहे. आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही ओवीविषयीची प्रसिद्ध जुनी नोंदही याच ग्रंथातली. आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्यातली ओवी उचलली आणि मदिरा तेथेच ठेवली. तक्रार नाही, जनाबाईच्या गंगाखेडपासून जवळच बसून लिहिताना ओवीचे पारडे जड असणे मला मान्यच आहे. परंतु ही निवड होती, हे विसरू नये.

मग आला अबकारीचा काळ. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. स्कॉटलंडच्या १८२३ च्या कायद्याने लहान भांड्याला परवाना देऊन आत घेतले. मुंबईच्या धोरणाने त्याच्या उलट केले. गाळणे मोजक्या, सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांत आणायचे, मक्तेदाराला विक्रीचा ठेका द्यायचा आणि गावातली भट्टी मोडायची. कुलाबा जिल्ह्यातले उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र झाले. मुंबई शहराची तहान तेथून भागे. कोकणात ताडा-माडाच्या झाडांवर कर चढला. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा झाला: ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. जे फूल आदिवासी कुटुंब पोटाला भाकरी नसेल त्या दिवसांत खाते, ते घरात असणे संशयास्पद ठरले. या कायद्याचे मूळ हेतू महसुलाचे होते, हे त्या काळच्या सुधारकांनीही ओळखले होते. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी हरकत घेतली होती.

राणीसावरगाव तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण अबकारीची रीत तेथेही मक्त्याचीच होती, आणि ती भाषेत रुतून बसली आहे. 'गुत्ता' म्हणजे ठेका. मुंबईकडे गुत्ता म्हटले की फक्त दारूचा अड्डा डोळ्यांपुढे येतो. मराठवाड्यात मात्र रस्त्याचे काम घेणाराही 'गुत्तेदार', शाळेची खोली बांधणाराही 'गुत्तेदार'. एकच शब्द, एका मुलखात त्याचे दुकान उरले, दुसऱ्यात त्याची व्यवस्था. निजामी राज्यात जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचे उत्पन्न असे, आणि शिंदीच्या झाडांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. निजामाचा खजिना आणि गांधीजींचा मद्यनिषेध असे दोन्ही हेतू त्या कुऱ्हाडीत होते. मराठवाड्यात मामांच्या वयाच्या माणसांनी या गोष्टी लहानपणी अभिमानाने सांगितलेल्या ऐकल्या आहेत. मीही ऐकल्या, आणि तो अभिमान मला खोटा वाटत नाही. पण तुलना करून पाहावी. स्कॉटिश राष्ट्रवादाने आपल्या गावठी दारूला राष्ट्रचिन्ह केले. आमच्या मुक्तिसंग्रामाने दारूचे झाडच शत्रूचे मानले. दोघांनाही आपापल्या जागी कारण होते. एकाच्या दारूचा मालक शेतकरी होता, दुसऱ्याच्या दारूचा मालक सरकार आणि गुत्तेदार.

भाषेवर याचा काय परिणाम झाला, हे पाहणे आपल्याला अधिक जवळचे आहे. वासांच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. '-आण' लागून वासाची नामे घडतात अशी सोय किती भाषांत असेल? करपटाण, जळकटाण, कुबटाण, हिवसाण. एकेका शब्दात एकेक बिघडलेला पदार्थ उभा राहतो. हे शब्द बहुतेक तक्रारीचे आहेत हे खरे. त्यांच्यासमोर 'खमंग' आणि 'खरपूस' हे दोन भाजणीचे शब्द कौतुकाची बाजू एकट्याने लढवतात. दारूच्या बाबतीत मात्र कौतुकाचा एकच शब्दप्रयोग रूढ झाला: 'पहिल्या धारेची'. आणि तोही रसास्वादाचा नव्हे, कडकपणाचा. गंमत अशी की स्कॉटिश भट्टीत पहिली धार पेल्यात जातच नाही. तिच्यात नको असलेली उडून जाणारी द्रव्ये असतात, म्हणून ती बाजूला काढून पुन्हा गाळायला पाठवतात. मधला भाग तेवढा घेतात, आणि धुराचे फेनॉल तर धारेच्या उत्तरार्धात अधिक उतरतात. कधी थांबायचे यावरच धुराची मात्रा ठरते. आमच्याकडे हे ज्ञान नव्हते असे मी म्हणणार नाही. भट्टी लावणाऱ्या माणसाला नाकावरून धार कळत असणारच. पण पोलीस येण्याआधी उरकायचे असेल तर मुरवायला लाकडी पिंप कोण ठेवील, आणि ज्या नाकाला धार कळते त्याने ते कोणाला सांगावे?

साहित्यातही हेच. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी वारले होते. आमच्या दारूविषयक जाणिवेवर त्या नाटकाची छाया अजून आहे. सुधाकराचा ऱ्हास, सिंधूची सहनशीलता, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हे सारे मराठी माणसाच्या रक्तात गेले. मदिरेवर इतकी अलंकारिक भाषा खर्च झाली, पण प्याल्यात नेमके काय आहे, ते कशाचे, कसल्या वासाचे, याची उत्सुकता त्या भाषेला नाही. गडकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना शोकांतिका लिहायची होती, ती त्यांनी लिहिली. दोष असेल तर नंतरच्यांचा. एवढ्या मोठ्या नाटकानंतर दारू हा विषय 'परिणाम' या एकाच अंगाने पाहायची सवय लागली. पदार्थ दिसेनासा झाला.

येथे एक आक्षेप मलाच घ्यायला हवा. हे सारे लिहिणे सोपे आहे, कारण माझ्या घरात कोणी दारूने मेले नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनामुळे. त्या बायकांना ग्वायकॉलचा सुगंध समजावून सांगायला जाण्याची माझी छाती नाही. हातभट्टीच्या विषारी दारूने माणसे मेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. मोहाला आणि शिंदीला स्कॉचसारखे भाग्य मिळायला हवे होते, असा या लेखाचा सूर वाटत असेल तर तो मी आवरतो. मला इतकेच दिसते की बंदी आणि गुत्ता या दोन्ही व्यवस्थांना पदार्थाचे ज्ञान नको होते. एकीला तो नष्ट करायचा होता, दुसरीला तो स्वस्तात विकायचा होता. आणि ज्ञान नाहीसे झाले म्हणून पिणे कमी झाले, असे कोठेही झाले नाही. मुंबई राज्याचा मद्यनिषेध कायदा १९४९ चा. तो नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. (आगटीभोवती तो कोणाजवळ होता, हे मी विचारले नाही.)

शेजारच्या गोव्याची गोष्ट थोडी वेगळी पडते. तेथे काजूची फेणी गावभट्टीतच राहिली; उर्राक आणि फेणी यांतला फरक लहान पोरही सांगेल. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते; २०१२ मध्ये ती प्रथम लंडनच्या बाजारात गेली. तिच्या काही प्रकारांत पीटचा धूर आहे. सातू हिंदुस्थानातले, ऊन आणि दमट हवा गोव्याची, पण पीट मात्र स्कॉटलंडहून जहाजाने येते. त्याआधी, २००९ मध्ये, बंगळूरच्या अमृतने 'फ्यूजन' काढली, तेव्हा धुरावलेले सातूच स्कॉटलंडहून आणून देशी सातूच्या जोडीला घेतले होते. ही दोन्ही मद्ये जाणकारांनी नावाजली आहेत आणि त्यांच्या कर्त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तरी मला त्या जहाजाचे नवल वाटते. ज्या देशात खेडोपाडी धुराचे हजार प्रकार आहेत, गोवरीचा, तुरकाट्यांचा, पळकाट्यांचा, बाभळीचा, तेथे धूर परदेशातून मागवावा लागतो. कारण पीटच्या धुराला नाव आहे, मोजमाप आहे. धान्यातले फेनॉल दशलक्षात किती भाग, हा आकडा रसिक मंडळी धावसंख्येसारखा सांगतात. लॅफ्रॉइगच्या माल्टचा तो चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो. (हा आकडा धान्याचा असतो, पेल्यातल्या द्रवाचा नव्हे, गाळण्यात आणि मुरण्यात बराच धूर गळतो. पण हे सांगितले की रसिकांचा विरस होतो.) गोवरीच्या धुराचा आकडा कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

मोहाच्या नशिबात मात्र अलीकडे थोडा पालट दिसतो. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली आहे, आणि महाराष्ट्रातही २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे निर्बंध सैल झाले. १८९२ पासून मोजले तर एकशे एकोणतीस वर्षे.

पुन्हा आगटीकडे. अंधार पडत आला होता. नातवाने मामांचा पेला परत घेतला नव्हता. त्यात त्याने तांब्यातले पाणी थोडे ओतले आणि पुन्हा हुंगायला दिले. पाणी घातल्याने वास मरेल अशी माझी समजूत. ती चुकीची आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर गणिते मांडून दाखवले की व्हिस्कीत पाणी मिसळल्यावर ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. मद्यार्काचे प्रमाण फार असेल तर ते आत खोल दडून राहतात. धुराचा खरा वास त्यामुळे पातळ केल्यावरच नाकाला भेटतो. मामांना हे कोणी सांगितलेले नव्हते.

त्यांनी या वेळी पेला बराच वेळ नाकाशी धरला. मग करंगळी बुडवून जिभेला लावली.

"आता नाही दवाखाना," ते म्हणाले. "आता आगटीचाच वास यायलाय. पण गवरी ओली ऱ्हायली तं कसा येतो, तसा."

नातवाने खिशातून फोन काढला आणि ते वाक्य लिहून घेतले. मामांनी पेला त्याच्या हातात दिला, एक कणीस निखाऱ्यातून ओढले, आणि हातावर चोळून गरम दाणे माझ्यापुढे धरले.